लिस्डूनवार्ना : आधी शेत बघा, नवरा मग

गुरुवार, डब्लिन ते नॉक

आयर्लंडमधे राहणाऱ्या मराठी माणसाचा सप्टेंबर गणपतीत जातो आणि त्यापायी लिस्डूनवार्नाची जत्रा दरवर्षी हुकते. क्लेअर काउंटीत अटलांटिकच्या अलीकडे हे हजाराच्या आतबाहेर वस्तीचं गाव आहे आणि तिथे सप्टेंबरभर लग्न जुळवायचा उत्सव चालतो, दीडशे वर्षांहून जुना. यंदा विसर्जन आटोपलं आणि लगेच सुट्टी टाकून निघालो. निघायचं अजून एक कारण म्हणजे माझा धाकटा दीर, चौतीस वर्षांचा, गॉलवेत नोकरी, बिनलग्नाचा, आणि तासगावहून सासूबाईंचा दिवसाआड फोन. "नेऊन तर बघा त्याला, एवढी दुनिया येते म्हणे तिथं," असं त्या म्हणाल्या त्यात अर्धी चेष्टा होती, पण अर्धीच.

मला स्वतःला मात्र जत्रेपेक्षा मागची जुनी पद्धत बघायची होती. इथे 1937 ते 1939 मधे एक भारी काम झालेलं आहे, देशभरातल्या प्राथमिक शाळांतल्या मोठ्या पोरांना सांगितलं गेलं की घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि जुन्या चालीरीती वहीत लिहून आणा. ती सगळी लाखो पानं आता फुकट ऑनलाइन वाचायला मिळतात, पोरांच्या गोल गोल अक्षरात. त्यात लग्नाच्या चालींवर ढीगभर मजकूर आहे. सोमवारी लग्न केलं तर तब्येत चांगली, मंगळवारी पैसा, बुधवार सगळ्यात उत्तम, गुरुवार शुक्रवार त्रासाचे आणि शनिवार तर नकोच. मे महिन्यात लग्न करू नये. दोन वराती रस्त्यात समोरासमोर येऊ नयेत. हे सगळं वाचायला गोड वाटतं, पण दहा-वीस वह्या वाचल्यावर लक्षात येतं की या गोष्टींमधे मुलगा-मुलगी जवळजवळ नाहीतच. आहेत ते दोन बाप, एक मध्यस्थ, गायी आणि जमीन.

डब्लिनहून पश्चिमेला निघालो, पाऊस लाँगफर्डपर्यंत सोबतीला. संध्याकाळी मेयो काउंटीतल्या नॉकला पोचलो. नॉक म्हणजे इथलं पंढरपूरच म्हणायचं, 1879 मधे इथल्या चर्चच्या भिंतीवर पंधरा जणांना मेरीमातेचं दर्शन झालं असं मानतात, तेव्हापासून यात्रा. दुकानांत मेरीच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, पवित्र पाणी भरून न्यायला. नवऱ्याने दोन घेतल्या, का ते विचारू नका.

पण आम्ही थांबलो ते वेगळ्या कारणाने. 1968 मधे फादर मायकल कीन यांनी इथे चक्क वधूवर सूचक मंडळ काढलं होतं. पत्राने अर्ज मागवायचे, माहिती ताडून बघायची आणि दोघांची गाठ घालून द्यायची. कॅथलिक फादरला ही उठाठेव का करावी लागली? तर पन्नाशीच्या दशकात आयर्लंडमधून चार लाखांच्या आसपास माणसं बाहेर गेली, गावंच्या गावं रिकामी झाली, आणि मागे राहिले ते शेतावर अडकलेले एकटे पुरुष, कारण पोरी आधीच लंडन नाहीतर बॉस्टनला. हे मंडळ पन्नासेक वर्षं चाललं आणि काही वर्षांपूर्वी बंद झालं. मोबाइलवर बोट फिरवून जोडीदार निवडायच्या काळात पत्राने अर्ज कोण करणार.

शुक्रवार, टर्लो आणि गॉलवे

सकाळी कॅसलबारजवळ टर्लोला गेलो, तिथे राष्ट्रीय संग्रहालयाचा ग्रामीण जीवनाचा विभाग आहे, फुकट, आणि माझ्या मते डब्लिनच्या कुठल्याही म्युझियमपेक्षा सरस. जुनी हवेली, तळं, मागे एक गोल दगडी मनोरा आणि आत नांगर, टोपल्या, होड्या, गवताच्या खुर्च्या. मी सगळं सोडून स्ट्रॉबॉइजपुढे जाऊन उभी राहिले.

स्ट्रॉबॉइज म्हणजे लग्नाच्या रात्री न बोलावता येणारी पोरांची टोळी. अंगभर गवताचा झगा, डोक्यावर वरती निमुळती होत गेलेली गवताची टोपी, आणि ती टोपी इतकी खाली येते की तोंड दिसत नाही. जवळून बघितली. पेंढा भिजवून मऊ करून वेणीसारखा गुंफलेला, वरच्या टोकाला काड्यांचा तुरा, आणि तोंडासमोर विरळ काड्यांची झालर, आतल्याला बाहेरचं दिसावं पण बाहेरच्याला आतला कळू नये अशी. ही मंडळी रात्री दाराशी येणार, त्यांचा म्होरक्या नवरीबरोबर नाचणार, बाकीचे इतर बायकांबरोबर, थोडं पिणार आणि निघून जाणार. आले तर शुभ. नीट पाहुणचार केला नाही तर मात्र धिंगाणा. आतला पोरगा कोण हे ओळखू येऊ नये म्हणून आवाजसुद्धा बदलून बोलायचे. मला राहून राहून वाटत होतं की त्या झग्यात एखादा असाही असेल ज्याला ही नवरी हवी होती, पण त्याच्या बापाकडे गायी कमी पडल्या. आता क्लेअर, मेयोकडे काही लग्नांत हौसेने स्ट्रॉबॉइज बोलावतात, फोटो छान येतात.

बाकीच्या दालनांतून फिरताना त्या काळाचा हिशोब लागत गेला. 1845 नंतरच्या दुष्काळाआधी बाप जमीन सगळ्या पोरांत वाटायचा, एकराच्या तुकड्यावर बटाटा लावून विशीतच लग्नं व्हायची. मग बटाट्यावर रोग पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली, आणि जे उरले त्यांनी धडा घेतला की जमिनीचा तुकडा पाडायचा नाही. पुढे 1903 च्या कायद्यानंतर कुळं स्वतःच मालक होत गेली तेव्हा तर जमिनीवरचा जीव अजूनच वाढला. एक पोरगा शेत घेणार, एका पोरीला पैसे देऊन उजवणार, बाकीच्यांनी अमेरिका, नाहीतर चर्च.

आता पैशाचं ऐका, कारण सगळी गंमत तिथे आहे. मुलीकडून जो हुंडा यायचा, ज्याला इथे फॉर्च्युन म्हणतात, तो नवऱ्या मुलाच्या हातात जायचाच नाही. तो जायचा त्याच्या बापाकडे. बाप तेच पैसे वापरून आपल्या मुलीला म्हणजे नवऱ्याच्या बहिणीला उजवायचा. तिच्या सासरी पोचलेले पैसे तिच्या नणंदेच्या लग्नात, तिथून पुढच्या घरी. एकच थैली गावोगाव फिरतेय असं डोळ्यासमोर येतं. म्हणजे कुठेतरी एका घरी सून येत नाही म्हणून दुसऱ्या घरची पोरगी अडकली, आणि ती अडकली म्हणून तिसऱ्या घरचा पोरगा. काही पोरी अमेरिकेत लोकांच्या घरी स्वयंपाकपाणी करून स्वतःचा हुंडा स्वतः कमवून परत यायच्या. त्यांना म्हणे चांगली मागणी असायची, असणारच.

आणि बाप? बाप सही करत नसे. जोवर बाप शेत नावावर करत नाही तोवर लग्न नाही, आणि बापाला सत्तरीपर्यंत काही घाई नाही. त्यामुळे पंचेचाळीस वर्षांच्या बाप्यालासुद्धा गावात पोरगाच म्हणायचे, बाजारात गाय विकली तर पैसे बापाच्या खिशात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे पुरुषांचं लग्नाचं सरासरी वय तिशी ओलांडून गेलेलं होतं आणि पन्नाशीला आलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा लग्नाविना होता. नवरा हे ऐकून म्हणाला, "म्हणजे सातबारा बापाच्या नावावर आणि पोरगा मळ्यात." हो, तेच.

संध्याकाळी गॉलवे. दीर बॅग घेऊन स्टेशनबाहेर उभा. मासे खाल्ले, क्लॅडाच्या अंगठ्या बघितल्या, दोन हातांत धरलेलं हृदय आणि वर मुकुट. उजव्या हातात घालून हृदयाचं टोक बाहेर ठेवलं की माणूस मोकळा, टोक आत वळवलं की गुंतलेला. "वहिनी, हे बरंय, बायोडाटा लिहायला नको," दीर म्हणाला. किमती बघून आम्ही बाहेर पडलो.

शनिवार, लिस्डूनवार्ना

गॉलवेहून किनव्हारा, बॅलीव्हॉन करत समुद्राकाठाने गेलो. बॅलीव्हॉननंतर कॉर्कस्क्रू हिलचा घाट, घाट म्हणजे आपल्या मानाने किरकोळच पण वळणं खरी. आजूबाजूला बरेन, राखाडी चुनखडीचं पठार, मैलोन् मैल दगड, भेगांमधे गवत. या दगडांवर गायी कशा जगतात असा प्रश्न पडतो, पण इथे उलटी रीत आहे, हिवाळ्यात गुरं डोंगरावर चढवतात कारण दगड ऊब धरून ठेवतो आणि वर चाराही शिल्लक असतो.

गावात शिरलो तर रस्त्याला गाड्यांची रांग. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूला पब आणि हॉटेलं, मॅचमेकर बारची रंगवलेली भिंत, आणि दुपारीच नाच चालू. मला वाटलं होतं नाच रात्री असेल. इथे दुपारीच हॉटेलच्या हॉलमधे कंट्री बँड सुरू होतो आणि साठी-सत्तरीची जोडपी गिरक्या घेत असतात. भिंतीला लागून खुर्च्या, एका बाजूला इस्त्रीचे शर्ट घातलेले, मान उन्हाने रापलेली शेतकरी मंडळी, आणि बायका घोळक्याने. गाणं सुरू झालं की पुरुष उठतो, हॉल ओलांडून येतो, हात पुढे करतो. बाई नाही म्हणाली तर तेवढाच हॉल परत ओलांडायचा, सगळ्यांच्या देखत. ते परत चालत जाणं मी दोन-तीनदा बघितलं आणि मग बघवेना. रात्री मात्र वेगळीच गर्दी, डब्लिनहून बस भरून आलेल्या, गुलाबी पट्टे घातलेल्या पोरी, अमेरिकन टूरिस्ट, आणि मधेच कुठेतरी खरोखर बायको शोधायला आलेला एखादा.

हेच गाव का, तर पाणी. इथे गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत, व्हिक्टोरियन काळात लोक ते प्यायला यायचे, संधिवात वगैरे बरा होतो म्हणून. 1887 मधे वेस्ट क्लेअर रेल्वे जवळच्या एनिस्टायमनपर्यंत आली, तिथून घोडागाडी. शेतकरी कधी येणार तर गवत कापून, पीक घरात येऊन हातात चार पैसे खुळखुळायला लागले की, म्हणजे सप्टेंबरात. केरी, लिमरिक, कॉर्ककडचे बाप पाणी प्यायला आले की सोबत पोरगी. हॉटेलच्या बैठकीत दोन बाप शेजारी बसले, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या आणि तिसऱ्या दिवशी विषय निघाला. आम्ही खाली नदीकडे उतरून त्या झऱ्यापर्यंत गेलो, वास उकडलेल्या शिळ्या अंड्यांचा. नवऱ्याने वास घेतला आणि नॉकच्या बाटल्या काही त्यासाठी बाहेर काढल्या नाहीत.

विली डेली हे इथलं मोठं नाव. घोडे पाळणारा क्लेअरचा शेतकरी, बाप आणि आजाही लग्नं जुळवायचे. तीनेक हजार लग्नं जमवली असं त्यांच्याबद्दल सांगतात. त्यांच्याकडे पिढीजात एक जाडजूड वही आहे, फुगलेली, कडेने कागद बाहेर आलेले, बांधून ठेवलेली. दोन्ही हात वहीवर ठेवायचे, डोळे मिटायचे, की सहा महिन्यांत लग्न. भाऊजींनी ठेवले हात. मी फोटो काढून तासगावला पाठवला, त्यावर सासूबाईंचा मेसेज आला, "चप्पल काढली होती का त्याने?"

लग्न जुळवणारा माणूस घोड्यांच्या किंवा गुरांच्या धंद्यातला असायचा याचं मला नवल वाटलं नाही. बाजार फिरणारा तोच, कोणाच्या गोठ्यात काय आहे, कोणावर कर्ज आहे, कोणाच्या घरी क्षय होऊन गेला हे त्यालाच ठाऊक. आणि भाव करताना कुठे ताणायचं कुठे सोडायचं हे त्याच्याइतकं कोणाला जमणार.

रविवार, काकूंची मावशी आणि पबमधला माणूस

ज्यांच्याकडे उतरलो त्या घरमालकीण काकू सत्तरीच्या, नाश्त्याला इतकं वाढतात की दुपारचं जेवण रद्दच. लग्नाचा विषय काढला आणि त्या ब्रेड भाजायचं सोडून समोरच बसल्या. त्यांच्या मावशीचं लग्न असं जुळवलेलं. जत्रेच्या दिवशी पबच्या मागच्या खोलीत मुलाकडचा बोलणारा माणूस आणि मावशीचे वडील बसले. शेत किती हे एकरात सांगायचं नाही, किती गायींना पुरेल इतकं गवत त्यावर सांगायचं. मग रक्कम. एक म्हणणार एवढे, दुसरा उठून दाराशी जाणार, तिसरा हाताला धरून परत बसवणार, फरक अर्धा अर्धा वाटून घ्या म्हणणार. उठून जाणं हा ठरलेला भाग, दाराबाहेर मात्र कोणी जात नसे. ठरलं की थुंकी लावलेला हात हातावर, आणि एक राउंड.

पुढच्या रविवारी मुलीचे वडील आणि काका शेत चालून बघायला गेले. काकूंनी आम्हाला मागच्या दाराने बाहेर नेलं आणि ते कसं बघायचे ते करूनच दाखवलं. पाणी साचतंय का, टाचेने दाबून बघायचं. गवतात लव्हाळ्याचे झुपके असले तर जमीन पाणथळ. दगडी कुंपणाला खिंडार आहे का. गवताची गंजी केवढी. आणि शेणाचा उकिरडा, तो खास बघायचा, कारण बाकी सगळं रंगवता येतं पण उकिरडा मोठा असेल तर गुरं खरीच आहेत. हे सांगताना त्या हसायला लागल्या, कारण लबाडीचे किस्से गावोगाव, बघायला येणार म्हटल्यावर शेजाऱ्याच्या गायी रात्रीत आणून आपल्या शेतात सोडायच्या. मुरलेला बाप मग कुत्र्याला हाकारून गायी पांगवायचा आणि कुठली गाय कुठल्या फाटकाकडे धावते ते बघायचा.

"आणि मावशीने नवरा कधी बघितला?" मी विचारलं.

"त्याच्यानंतर. बावीस वर्षांची होती ती. तो एकेचाळीसचा."

नाही म्हणायची मुभा होती, काही पोरी म्हणायच्यासुद्धा. काकूंची दुसरी मावशी नाही म्हणाली आणि बॉस्टनला गेली. पहिलीला सहा पोरं झाली, दुसरी दर ख्रिसमसला डॉलर पाठवायची. कोण सुखी झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मूल झालं नाही तर बायकोला माहेरी परत पाठवून दिल्याच्या जुन्या गोष्टी याच क्लेअरमधे नोंदवलेल्या आहेत, 1930 च्या दशकात हार्वर्डचे कॉनराड अरेन्सबर्ग आणि सोलन किंबल इथे येऊन राहिले होते, गावकऱ्यांचे संसार अभ्यासायला. वधुपरीक्षेचं वगैरे आपण फार बोलतो, पण ही परीक्षा लग्नानंतरची.

लग्नं कधी व्हायची तर श्रोव्हटाइडला, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा लेंट सुरू व्हायच्या आधी, कारण लेंटमधे चर्च लग्न लावत नसे. त्यामुळे शेवटच्या मंगळवारी नुसती झुंबड. त्या दिवशीही जो राहिला त्याची मग गावभर टिंगल. लेंटच्या पहिल्या रविवारी प्रार्थनेला जाताना पोरंटोरं मागून येऊन बिनलग्नाच्यांच्या कोटावर खडूची रेघ ओढायची, चॉक संडेच म्हणायचे त्याला. कॉर्क-केरीकडे याहून वरचढ. तिथे समुद्रात स्केलिग नावाचे खडक आहेत, पूर्वी साधू राहायचे, आणि त्यांचं कॅलेंडर जुनं असल्यामुळे तिथे लेंट उशिरा लागतो अशी समजूत. म्हणजे इथे मुहूर्त चुकला तरी स्केलिगला जाऊन लग्न करता येईल! मग कोणीतरी चावट कवी गावातल्या सगळ्या घोडनवऱ्यांच्या आणि राहिलेल्या पोरींच्या जोड्या लावून, कोण कोणाबरोबर बोटीत बसणार याची यमक जुळवलेली यादी करायचा आणि ती गावभर वाचली जायची. ज्यांची नावं यायची त्यांच्यावर काय बीतत असेल. मला हे सगळं फार क्रूर वाटतं. बाप सही करत नाही, हुंड्याची थैली कुठेतरी अडकलीय, आणि खडूची रेघ पोराच्या पाठीवर.

दुपारी किल्फेनोरा, जुने कोरीव क्रॉस बघितले, भुरभुर पाऊस, दहा मिनिटांत आटोपलं.

रात्री परत लिस्डूनवार्नात, नाच नको म्हणून एका कोपऱ्यातल्या पबमधे बसलो. शेजारच्या टेबलावर एक पन्नाशीचा शेतकरी, स्वच्छ शर्ट, पुढ्यात एकच ग्लास, तासभर पुरवलेला. बोलायला लागला तो गायींवरून. दिराने मोबाइलवर तासगावचा द्राक्षमळा दाखवला, त्याने फोटो मोठा करकरून बघितला आणि पहिला प्रश्न, "किती एकर?" दुसरा प्रश्न, "बापाच्या नावावर का?" आम्ही तिघंही एकदम हसलो. त्याची आई ब्याण्णवची होऊन गेली, तोवर घरात दुसरी बाई आणायचा विषय निघत नव्हता आणि नंतर काढायला कोणी उरलं नाही, हे त्याने पावसाबद्दल बोलावं तसं सांगितलं. दर सप्टेंबरला येतो. नाचतो बरा.

दिराने त्याला सोलापूरचा मोर्चा सांगितला. डिसेंबर 2022 मधे लग्न न जमणारी पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर ऑफिसवर गेली होती, बायको मिळवून द्या म्हणून. आमच्या चुलत दिरांपैकी एक शेती करतो, त्याच्याबाबतीत तेच चाललंय, मुलीकडचे फोनवरच विचारतात नोकरी आहे का, आणि ठेवून देतात. शेतकरी मन लावून ऐकत होता.

"मग मिळाल्या का बायका?"

"निवेदन दिलं," दीर म्हणाला.

याचं भाषांतर करायला नवऱ्याला जरा वेळ लागला, पण कळल्यावर तो माणूस टेबलावर हात आपटून हसला. दोन्हीकडचं कारण वेगळं आहे हे मात्र खरं. आपल्याकडे मुली जन्मायच्या आधीच कमी केल्या, मोर्चातल्या पोरांनीही गर्भलिंग तपासणीचा कायदा नीट राबवा हीच मागणी केली होती. इथे मुली होत्या, त्यांनी ते घर बघितलं, सासूच्या हातातली चूल, कधीच सही न करणारा सासरा, आणि बोटीचं तिकीट काढलं.

सोमवार, बनरॅटी आणि परत

परतीच्या वाटेवर बनरॅटी. किल्ल्याला सगळे जातात, आम्ही शेजारच्या लोकजीवनाच्या पार्कात गेलो, जिथे वेगवेगळ्या भागातली जुनी शेतकरी घरं उभी केलीयत. चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीचं जळण, जळत असतं, धुराचा वास कपड्यांना दोन दिवस राहतो.

घरात मधे मोठं स्वयंपाकघर, तिथेच सगळं आयुष्य. आणि चुलीमागे पश्चिमेची खोली. अरेन्सबर्गने या खोलीबद्दल बरंच लिहून ठेवलंय. चांगलं सामान तिथे, साधुसंतांचे आणि मेलेल्यांचे फोटो तिथे, आणि पोराचं लग्न झालं की म्हातारा-म्हातारी तिथे. सून घरात आली की सासूने चिमटा तिच्या हातात द्यायचा, म्हणजे चूल आता तुझी. काही भागात सासू उंबऱ्यावर ओटची भाकरी सुनेच्या डोक्यावर मोडायची आणि तुकडे वेचायला पोरी धावायच्या. ऐकायला छान आहे, पण चिमटा दिला तरी म्हातारी बसणार चुलीजवळच ना.

म्हणून मग कागद. लग्नाआधी वकिलाकडे जाऊन करार व्हायचा आणि त्यात म्हाताऱ्यांचं सगळं लिहिलेलं, पश्चिमेची खोली त्यांची, एका गायीचं दूध किंवा चारा त्यांचा, इतके बटाटे, जळण, आणि रविवारी चर्चला जायला गाडीत जागा. चर्चला जायची जागासुद्धा लिहून घ्यायची! पोटच्या पोराकडून. मी आधी हसले, मग विचार केला की आपल्याकडेही हे लिहून घेतलं असतं तर किती म्हाताऱ्यांचं बरं झालं असतं. 1909 पासून सत्तरीच्या गरजूंना सरकारी पेन्शन मिळायला लागलं तेव्हा काही बाप शेत पोराच्या नावावर करून मोकळे झाले, कारण नावावर जमीन असेल तर पेन्शन नाही. पोराच्या लग्नासाठी न होणारी सही पेन्शनसाठी झाली.

सुनेचं काय लिहिलेलं असायचं? तिचे पैसे तर आधीच नणंदेच्या सासरी पोचलेले. शेत नवऱ्याच्या नावावर, आणि त्याने मृत्युपत्रात दुसऱ्याच कोणाला लिहून दिलं तर कायदा तिच्या बाजूने नव्हता. 1965 च्या वारसा कायद्याने पहिल्यांदा ठरवलं की मृत्युपत्र काहीही म्हणो, विधवेला पोरं असतील तर तिसरा हिस्सा आणि नसतील तर निम्मा मिळणारच. त्या वेळी शेतकऱ्यांकडून बराच आरडाओरडा झाला होता. जत्रेतल्या त्या वहीपेक्षा मला हा कायदा जास्त मोठा वाटतो, पण त्याच्यावर हात ठेवून कोणी फोटो काढत नाही.

लिमरिकवरून मोटरवेने परत. दिराला वाटेत गॉलवेच्या बसला बसवलं. त्याने जत्रेतला फॉर्म भरून दिलाय, मला न सांगता, नवऱ्याकडून कळलं.

कोणाला जायचं असेल तर : उत्सव सप्टेंबरभर असतो पण गर्दी शुक्रवार ते रविवार, खोल्या उन्हाळ्यातच बुक करा नाहीतर एनिस्टायमन किंवा डूलिनला राहावं लागेल. गाडी नसेल तर गॉलवेहून 350 नंबरची बस येते आणि पुढे मोहरच्या कड्यांकडे जाते, सोय चांगली आहे. जुन्या मंडळींचा नाच बघायचा असेल तर दुपारी जा, रात्री नुसता गोंधळ. आणि नाचता येत नाही म्हणून भिंतीला चिकटून बसू नका, माझ्या नवऱ्याला एका ऐंशीच्या आजीने दंडाला धरून उठवलं आणि तीन गाणी सोडलं नाही.